‘पोर फाबोर’च्या भरवशावर राहू नका

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असं आपण म्हणतो. स्पॅनिश शिकणाऱ्या आपल्या भागातल्या मुलामुलींच्या बाबतीत मात्र मागचाही नेमका त्याच दगडाला अडखळतो. हा दगड म्हणजे मोठ्या माणसाला, परक्या माणसाला अदबीनं काही करायला सांगणं. नांदेड-लातूरची मुलं पुण्याला जाऊन किंवा घरबसल्या ऑनलाइन ही भाषा शिकतात, पण शिकतात ती बहुधा इंग्रजीतून. इंग्रजीत आज्ञेचं रूप एकच. समोर शेंबडं पोर असो की न्यायाधीश, क्रियापद बदलत नाही. ‘प्लीज’ जोडलं की भागतं. तीच सवय घेऊन ही मंडळी स्पॅनिशमध्ये येतात आणि वाक्याला ‘पोर फाबोर’, म्हणजे ‘कृपया’, जोडून निर्धास्त होतात. माझं म्हणणं असं, की स्पॅनिशमधला आदर त्या दोन शब्दांत नसून क्रियापदाच्या शेवटच्या स्वरात आहे. आणि ही गोष्ट समजून घ्यायला इंग्रजीपेक्षा मराठी आणि आपल्या कानावरची उर्दू-हिंदी जास्त कामाला येते.

उदाहरणच घेऊ. दारात उभ्या असलेल्या मित्राला ‘आत ये’ म्हणायचं तर ‘पासा’, आणि वडीलधाऱ्या पाहुण्याला ‘आत या’ म्हणायचं तर ‘पासे’. फरक एका स्वराचा. ‘खा’ म्हणताना तोच स्वर उलटा फिरतो: मित्राला ‘कोमे’, पाहुण्याला ‘कोमा’. ज्या क्रियापदांचं मूळ रूप ‘आर’वर संपतं त्यांना आदरासाठी ‘ए’ लागतो. ‘एर’ आणि ‘ईर’वर संपणाऱ्यांना ‘आ’. आता पाहुण्याला कुणी ‘पासा, पोर फाबोर’ म्हटलं, तर ते ‘सर, कृपया आत ये’ असं झालं. हे वाक्य मराठीत कुणाच्याही कानाला खटकेल. ‘कृपया’ जागेवर आहे, तरी ‘ये’नं घात केला. आणि ‘सर, या, बसा’ यात कृपया नावालाही नाही, तरी आदरात काही उणं नाही.

हा स्वर येतो कुठून? स्पॅनिशमध्ये ‘आपण’ या अर्थी ‘उस्तेद’ हा शब्द आहे. तो ‘बुएस्त्रा मेर्सेद’ या जुन्या संबोधनाचं झिजलेलं रूप. अर्थ जवळपास ‘आपली मेहेरबानी’. कोर्टातल्या अर्जावर ‘मे. न्यायाधीश साहेब’ लिहितात त्यातला ‘मे.’ म्हणजे मेहेरबान, हे ज्याला माहीत आहे त्याला ही रीत परकी वाटू नये. समोरच्या माणसाशी थेट न बोलता त्याच्या मोठेपणाशी बोलायचं, म्हणून क्रियापद तृतीयपुरुषी. आणि हुकूम न सोडता इच्छा व्यक्त करायची, म्हणून रूप इच्छेचं. आपल्या लग्नपत्रिकेत ‘अगत्य येण्याचे करावे’ असतं, ‘या’ नसतं; पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असतं. स्पर्धा परीक्षेच्या व्याकरणात पाठ केलेला विध्यर्थ तो हाच. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे ‘तशरीफ रखें’ इथल्या कानांना नवं नाही. आजही हुजूर साहिब नांदेड स्टेशनवर ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ ऐकू येतं. तिथे ‘दो’ नाही, ‘दें’ आहे. स्पॅनिशची चाल अगदी हीच.

यावर एक रास्त आक्षेप आहे: मराठीवरून स्पॅनिश बोलायला गेलं तर नव्या चुका होणार नाहीत का? होतात, आणि त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. पहिली चूक अनेकवचनाची. आपण एकट्या माणसालाही आदरानं अनेकवचनात सांगतो; ‘उस्तेद’ मात्र एकाला एकवचनच घेतो. एका बाईंना ‘बोला’ म्हणायचं तर ‘आब्ले’; ‘आब्लेन’ म्हटलं तर त्या मागे वळून आणखी कोण आहे ते बघतील. दुसरी चूक नकाराची. ‘बसा’ला ‘स्येंतेसे’, पण ‘बसू नका’ला ‘नो से स्येंते’. शेवटी चिकटलेला ‘से’ नकारात पुढे येतो. तिसरा फसवा शब्द ‘दे’. मराठीत तो एकेरी, स्पॅनिशमध्ये अदबीचा. दुकानदाराला ‘मला द्या’ म्हणायचं तर ‘देमे’, मित्राला ‘दामे’.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्पेनमध्ये हल्ली दुकानात, ऑफिसात अनोळखी माणसंसुद्धा एकमेकांना एकेरीत बोलतात, मग हा खटाटोप कशाला? खरं आहे. पण कोलंबियात काही भागांत घरच्या माणसांनाही ‘उस्तेद’ म्हणतात, आणि अर्जेंटिनात जवळच्यांसाठी ‘तू’ऐवजी ‘बोस’ असं वेगळंच रूप चालतं. म्हणजे एकेरीची हद्द देशागणिक सरकते. अशा वेळी परक्यानं आदरापासून सुरुवात करावी. समोरच्यानं ‘एकेरीत बोल’ म्हटलं की खाली उतरायला वेळ लागत नाही. एकेरीवरून वर चढताना मात्र तोंड कडू झालेलं असतं.

म्हणून मागून येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. प्रत्येक नवं क्रियापद ‘ये’ आणि ‘या’ अशा जोडीनंच पाठ करा. ‘बेंगा’ म्हणजे या, ‘दीगा’ म्हणजे सांगा, ‘बाया’ म्हणजे जा, असली वाकडी रूपं आधी घोटा, कारण रोज लागतात तीच. मग काम कुणाच्या सोयीचं आहे ते बघा. या, बसा, घ्या यात सोय ऐकणाऱ्याची असते. तिथे आज्ञाच गोड लागते, बिनधास्त वापरा. सोय आपली असेल, म्हणजे परत सांगायला लावायचं, सही मागायची, थांबवायचं, तर प्रश्न करा. मराठीत आपण ‘परत सांगाल का?’ म्हणतो, तसं तिथे ‘पोद्रीया रेपेतीर?’ म्हणतात. आणि सगळ्यात शेवटी, वर तुरा म्हणून, ‘पोर फाबोर’ लावा.