स्विमिंग पूलचं पाणी मुरतंय कुठे?

लोणावळ्याला, कर्जतला, अलिबागला किंवा गोव्यात तुमचा बंगला आहे, आवारात पूल आहे आणि पातळी उतरते म्हणून केअरटेकर सारखा टँकर मागवतोय. अशा वेळी आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन करू नका. तो पूल रिकामा करायला लावेल आणि सगळ्या टाइल उखडण्याचं कोटेशन हातात देईल. सावकाश होणारी गळती बहुतेकदा जोडांवर असते: स्किमर, लाइट, रिटर्न नोझल, पंप रूममधला व्हॉल्व्ह. तळाच्या टाइल फोडून ती सापडत नाही.

मुळात गळती आहे का, हे आधी ठरवा. कडक उन्हाळ्यात दिवसाला ५ ते ८ मिलिमीटर पाणी नुसत्या बाष्पीभवनाने जातं. वारा असेल तर आणखी. खात्री करायला एक बादली पुरते. ती पूलच्याच पाण्याने भरा, तरंगू नये म्हणून आत वीट टाका आणि पूलच्या पायरीवर ठेवा. बादलीतली आणि बाहेरची पातळी एकसारखी आली की दोन्हीकडे चिकटपट्टीने खूण करा. फ्लोट व्हॉल्व्हने पाणी आपोआप भरत असेल तर तो नळ बंद करा, नाहीतर गळती झाकली जाईल. २४ तास कुणी पोहायचं नाही आणि पाऊस नको, म्हणजे हे काम ऑक्टोबर ते मे याच काळातलं.

समजा, बादलीत ६ मिलिमीटर उतरले आणि पूलमध्ये १३. फरक ७ मिलिमीटरचा, तीच गळती. ८ बाय ४ मीटरच्या पूलमध्ये १ मिलिमीटर म्हणजे ३२ लिटर. दिवसाला २२४ लिटर, महिन्याला सुमारे ६,७०० लिटर. १०,००० लिटरच्या टँकरचे दीड ते तीन हजार रुपये धरले, तर महिन्याला हजार ते दोन हजारांचं पाणी जातंय. हा आकडा लक्षात ठेवा. लाखांचं कोटेशन समोर आलं की तुलना याच्याशी करायची आहे. मात्र रोज मुरणारं पाणी डेकखालची माती वाहून नेतं, त्यामुळे दुर्लक्षही नको.

हीच चाचणी दोनदा करा, एक दिवस पंप बंद ठेवून आणि एक दिवस चालू ठेवून. धबधबा, कारंजं दोन्ही दिवस बंद. पंप चालू असताना पाणी जास्त जात असेल तर संशय फिल्टरनंतरच्या रिटर्न लाइनवर. बंद असताना जास्त जात असेल आणि पंप चालू केल्यावर नोझलमधून हवेचे बुडबुडे येत असतील, तर सक्शन लाइनवर. दोन्ही दिवशी सारखंच जात असेल तर खुद्द पूलमध्ये, म्हणजे भेगेत, लाइटच्या खोबणीत किंवा फिटिंगच्या कडेला. पंप बंद ठेवून पाणी उतरू द्या आणि ते कुठे थांबतं ते बघा. स्किमरच्या तोंडाशी थांबलं तर स्किमर, लाइटच्या उंचीवर थांबलं तर लाइटची वायर जाते तो पाइप. पूल ओव्हरफ्लो पद्धतीचा असेल तर बॅलन्सिंग टँकमध्ये वेगळी खूण करा. अनेकदा पूल धड असतो आणि टँक गळत असतो.

आता पंप रूममध्ये जा. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हला एक पाइप बॅकवॉशचं पाणी बाहेर सोडण्यासाठी असतो. हँडल 'फिल्टर'वर असताना त्या पाइपच्या बाहेरच्या टोकाशी थांबून बघा. तिथे कोरडं हवं. बारीक धार लागली असेल, टोकाखाली शेवाळ धरलं असेल, तर तुमचं पाणी तिथून जातंय: व्हॉल्व्हच्या आतली रबरी गॅस्केट झिजली आहे. सुटा भाग साधारण काही शेकड्यांत येतो, काम तासाभराचं. पूल फोडण्याआधी ही पाच मिनिटं कुणी घालवत नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

पुढची पायरी रंगाची. खाण्याचा गडद रंग आणि सुई काढलेली सिरिंज, दोन्ही मिळून शंभराच्या आत. पंप बंद, पाणी स्थिर, लाइटचा एमसीबी पाडलेला. संशयित जागेजवळ रंगाचा थेंब हळूच सोडा. गळती असेल तर रंग आत ओढला जातो. पंप चालू असताना तळाच्या मेन ड्रेनजवळ कुणालाही जाऊ देऊ नका. तिथली ओढ जिवावर बेतू शकते.

एवढ्यावर सापडलं नाही तरच माणूस बोलवा आणि मागणी नेमकी करा: "प्रत्येक लाइनची वेगळी प्रेशर टेस्ट, लेखी रिपोर्टसह." ढोबळ खर्च ५,००० ते १५,००० रुपये, लाइन किती त्यावर, एका दिवसाचं काम. पाइपिंगचं ड्रॉइंग, बांधकामाच्या वेळचे फोटो आणि वॉटरप्रूफिंगचं हमीपत्र काढून ठेवा. ड्रॉइंग नसेल तर पाइप शोधायला डेक फुटतो, त्याचं बिल वेगळं.

पूर्ण वॉटरप्रूफिंगचं कोटेशन आलंच, तर हिशेब असा. ८ बाय ४ चा, सरासरी १.४ मीटर खोलीचा पूल म्हणजे तळ आणि भिंती मिळून सुमारे ७०० चौरस फूट. चौरस फुटामागे १०० रुपये वाढले की बिल ७०,००० ने वाढतं. त्यात सहसा न लिहिलेलं: डेब्रिज उचलणं, मुंबई-पुण्याहून कामगारांचं येणं-राहणं, पुन्हा भरायला ४५,००० लिटर पाणी, सुरुवातीचा क्लोरीनचा मोठा डोस आणि १८ टक्के जीएसटी. तुमच्या टाइलचा लॉट बंद झाला असेल तर एका कोपऱ्यासाठी अख्खी भिंत बदलावी लागते. 'सगळं धरून' असं कोटेशन लेखी घ्या. टाइल नव्याने लावून एपॉक्सी ग्राउट भरलं तर पाणी भरण्याआधी आठवडाभर थांबायची तयारी ठेवा.

"पाण्यात औषध टाकतो, भोक आपोआप बुजेल" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. असली द्रव्यं फिल्टरमध्ये अडकतात आणि गळतीची जागा शोधणं अवघड करून ठेवतात. आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, कुणी काही म्हणो, पूल रिकामा करू देऊ नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. रिकामा पूल खालून उचलला जातो, तळ तडकतो, फायबरचा असेल तर अख्खा वर येऊ शकतो. पाच हजारांची गळती मग पाच लाखांवर जाते.

पैसे टप्प्याने द्या. शेवटचे २० टक्के दुरुस्तीनंतर बादलीची चाचणी पुन्हा पास झाल्यावरच.

बंगला रेरा-नोंदणीकृत प्रकल्पातला असेल आणि ताबा घेऊन ५ वर्षं झाली नसतील, तर खिशात हात घालण्याआधी बिल्डरला लेखी कळवा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार बांधकामातला दोष ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. ठेकेदाराने काम बिघडवलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या कामासाठी तक्रारीचं शुल्क नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.