पाय चालते आहेत तोवर: मणक्यातील गाठ, काय करावे, काय टाळावे

लोकलची गर्दी, खड्ड्यांतून दुचाकी, दिवसभर खुर्ची. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत पाठदुखीला कारण हाताशीच असते आणि बहुतेकदा तेच खरे निघते. क्वचित मात्र मज्जारज्जूवर दाबणारी गाठ सापडते. १८८७ साली लंडनला व्हिक्टर हॉर्सले यांनी अशी गाठ पहिल्यांदा यशस्वीपणे काढली, तेव्हा रुग्णाचे पाय लुळे पडलेले होते. तो पुन्हा चालू लागला; पण सगळ्यांनाच हे साधत नाही. शस्त्रक्रियेआधी पायांत जेवढी ताकद असेल, तेवढी नंतरची आशा मोठी.

काय करावे

- खुणा ओळखा. आडवे झाल्यावर वाढणारे दुखणे, चालताना जाणारा तोल, चप्पल निसटली तरी न कळणे, बटणे लावताना अडखळणारी बोटे. यांपैकी काही दिसले तर न्यूरोसर्जन किंवा स्पाइन सर्जनला दाखवा.
- लघवी तुंबली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायांतली ताकद झपाट्याने गेली, तर त्याच दिवशी हला. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय किंवा परळचे केईएम, म्हणजे जिथे न्यूरोसर्जरी विभाग आहे तिथेच जा.
- फक्त कमरेचा एमआरआय पुरेल का, हे विचारा. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो. पाय जड पडण्याचे मूळ छातीमागे किंवा मानेत असू शकते.
- गाठ नेमकी कुठे आहे, ते समजून घ्या. रज्जूबाहेरच्या श्वानोमा, मेनिन्जिओमा बहुधा पूर्ण निघतात. रज्जूच्या आतल्या गाठीसाठी सूक्ष्मदर्शक, नसांवर लक्ष ठेवणारे मॉनिटरिंग आणि अशा शस्त्रक्रियांचा सराव असलेला सर्जन हवा.
- रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, आधी भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण अंगीकृत रुग्णालयातच. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.
- बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक जपा. टाटा मेमोरियलमध्ये दुसरे मत घेताना ते लागतात.

काय टाळावे

- मालीश, हाड बसवणे, मनाने ट्रॅक्शन नको. गाठीने पोखरलेला मणका दबून रज्जूला इजा होऊ शकते.
- मनाने स्टेरॉइड घेऊ नका. काही गाठींचे निदानच त्याने झाकले जाते.
- नुसत्या फिल्मवरून ‘टीबीच असणार’ असे धरून बसू नका. आपल्याकडे मणक्याचा क्षय बराच आढळतो, म्हणूनच गाठ त्यात लपते. बायोप्सीबद्दल विचारा.
- माकडहाडाजवळच्या गाठीत घाईने सुई घालू देऊ नका. ती कॉर्डोमा प्रकारची असेल तर सुईच्या वाटेने पेशी पसरू शकतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच ती वाट ठरवावी.
- तोल जाणाऱ्या माणसाला गर्दीच्या डब्यात चढवू नका. लोकलमध्ये दिव्यांग आणि कर्करुग्णांसाठी राखीव डबा असतो. तपासणीसाठी कागदपत्रे सोबत ठेवा.
- शस्त्रक्रियेनंतर जखमेची पट्टी पाण्यासारख्या द्रवाने ओली झाली तर घरी थांबू नका. मेंदू आणि रज्जूभोवतीचे पाणी, म्हणजे मेंदूजल, झिरपत असण्याची शक्यता असते.
- व्यायाम आणि पुढचा एमआरआय चुकवू नका. रज्जूतली गाठ काढल्यानंतर पाय काही काळ आधीपेक्षा अशक्त वाटू शकतात. धीर सोडू नका.
- ‘बघू अजून महिनाभर’ म्हणू नका. रज्जू बराच काळ निमूट दाब सोसतो आणि मग थोड्या दिवसांत पाय हरतात. स्वतःच्या पायांनी जिना उतरता येतो आहे, तोच दवाखाना गाठण्याचा दिवस.