दर एकच, मग वजन कोणाचे?



या सदरात आपण खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त, बेणेमळा असे पाठ घेत असतो. या खेपेचा पाठ शेतातला नाही, कागदावरचा आहे. पण त्याचा संबंध थेट आपल्या ऊसबिलाशी येतो, तेव्हा आकडे दिसले म्हणून पान उलटू नये, ही विनंती.

प्रश्न साधा आहे. दोन सहकारी कारखाने शेजारी-शेजारी. जमीन काळी, पाणी एकाच कालव्याचे, वाण तोच, उताराही उन्नीस-बीस. तरी एकाचा अंतिम दर दुसऱ्यापेक्षा टनाला शंभर रुपयांनी कमी. असे का? पारावर याची उत्तरे तयार असतात. कोणी म्हणतो चेअरमन खमक्या नाही, कोणी म्हणतो कर्ज फार, कोणी म्हणतो आपले नशीबच तसले. माणूस बदलला की दर बदलेल, असे आपण धरून चालतो. पण शंभरएक कारखाने आणि वीस-बावीस वर्षे एकत्र मांडली तर काय दिसते?

हे काम प्रत्यक्षात झालेले आहे. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे या चार अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील जवळजवळ शंभर सहकारी साखर कारखान्यांचे 1971 ते 1993 या काळातले आकडे जमवून त्यांचा अभ्यास केला. तो 2001 साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ या अर्थशास्त्रातल्या मातब्बर नियतकालिकात छापून आला. यांपैकी बॅनर्जी म्हणजे 2019 साली नोबेल मिळालेले. जन्म मुंबईचा, आई माहेरच्या पाटणकर. म्हणजे आपला ऊस त्यांना अगदीच परका नसावा!

त्यांच्या आधी काय समजले जात होते, ते पहिल्यांदा सांगतो. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगाव भागातल्या कारखान्याचा जवळून अभ्यास केला. त्यांचे पुस्तक 1980 साली आले. डोनाल्ड अॅटवूड या परदेशी अभ्यासकाचे पुस्तक 1992 चे. दोघांच्या म्हणण्याचा गाभा असा, की साखर कारखान्यात मोठा बागायतदार आणि लहान शेतकरी एकाच बोटीत बसलेले असतात. ऊस तोडल्यावर चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, ही दोघांचीही नड. दर सगळ्यांना एकच. मोठ्याला स्वतःचा दर वाढवून घ्यायचा तर लहानाचाही वाढवावाच लागतो. म्हणून इतर सहकारी संस्था बसल्या तरी साखर कारखाने उभे राहिले. प्रवरानगरचा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांचा कारखाना 1950 पासून उभा आहे, तो याच जोरावर. हे म्हणणे खोटे नाही. पण अपुरे आहे.

बॅनर्जी आणि मंडळींनी नेमके इथेच बोट ठेवले. दर एकच, मतही माणशी एकच, हे खरे. पण कारभारातले वजन सारखे असते काय? लहान शेतकऱ्याला सभेला जायचे तर त्या दिवशीचे पाणी सोडावे लागते. निवडणूक लढवायला पैसा, गाडी, माणसे लागतात. त्यामुळे लहानांची डोकी जास्त असली तरी बऱ्याच काळ दोरी मोठ्यांच्या हाती राहते.

आता हे गणित पाटीवर मांडून बघा. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत. कारखान्याचे गाळप चार लाख टन. दर देताना टनाला 50 रुपये कमी दिले, तर दोन कोटी रुपये कारखान्यात राहिले. हे पैसे कुठे खर्च करायचे ते ज्यांच्या हाती कारभार आहे ते ठरवणार.

समजा, भागात सगळे मोठेच. 90 टक्के ऊस त्यांचाच. मग दोन कोटींतले एक कोटी ऐंशी लाख त्यांच्याच खिशातून गेले, लहानांचे आले फक्त वीस लाख. स्वतःचा खिसा कापून कोण कशाला दर पाडील? दर चांगला राहतो.

समजा, निम्मा ऊस मोठ्यांचा आणि निम्मा लहानांचा. आता दोन कोटींत एक कोटी दुसऱ्याचे. दर पाडण्यात फायदा दिसू लागतो, आणि दोरी तर अजून मोठ्यांच्याच हाती.

समजा, मोठ्यांचा ऊस फक्त 20 टक्के. हिशेबाने तर मोह सर्वांत जास्त हवा, कारण एक कोटी साठ लाख दुसऱ्याचे. पण इथे लहान सभासद इतके होतात की पॅनेल त्यांच्यावाचून निवडून येत नाही. दोरी त्यांच्या हाती सरकते आणि दर पुन्हा वर चढतो.

म्हणजे दराची रेघ झोळीसारखी झाली. दोन्ही टोके वर, मध्ये खोल. जिथे सगळे मोठे किंवा सगळे लहान तिथे दर बरा. जिथे दोन्हींची सरमिसळ आणि जमिनीत अंतर फार तिथे दर सर्वांत खाली. हे आधी कागदावर मांडून मग त्यांनी महाराष्ट्राच्या आकड्यांशी ताडून पाहिले. कारखान्याच्या आसपासची जमीन कोणाकडे किती आणि दर काय दिला, याची सांगड घातली. झोळी निघाली.

आणखी एक गोष्ट निघाली, ती मला दरापेक्षाही महत्त्वाची वाटते. जिथे जमिनीत विषमता जास्त, तिथे कारखान्याची गाळपक्षमताही कमी बसवलेली आढळली. याचे कारण शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. दर पडला की माणूस ऊस कमी लावतो, किंवा गुऱ्हाळाकडे वळतो. ऊसच कमी तर मिल मोठी कशाला? म्हणजे हे नुसते एकाच्या ताटातले दुसऱ्याच्या ताटात वाढणे नव्हे. वाढता वाढता बरेचसे खाली सांडते, आणि ते कोणालाच मिळत नाही.

इथे थोडे थांबू. या अभ्यासकांनी कोणाची तिजोरी उघडून पाहिलेली नाही. अमुक कारखान्यात अमक्याने पैसे खाल्ले, असे त्यात कुठेही सिद्ध होत नाही. त्यांनी दर, क्षमता आणि जमीन यांचा मेळ पाहिला, आणि तो त्यांच्या तर्काशी जुळला. शिवाय कारखान्यात राहिलेला प्रत्येक रुपया वाया गेला असेही मी म्हणणार नाही. आपल्या पट्ट्यातली हायस्कुले, कॉलेजे, दवाखाने, रस्ते कशातून झाले? कपातीतूनच. माझी धाकटी मुलगी अशाच कॉलेजात शिकली. पण त्या कॉलेजाची फी कोण ठरवते, नोकरीला कोणाचा भाचा लागतो, रस्ता कोणाच्या मळ्यावरून वळतो, हे प्रश्न दराचेच प्रश्न आहेत. आपण ते तसे ओळखत नाही, इतकेच.

दुसरा अभ्यास संदीप सुखटणकर यांचा, 2012 साली प्रसिद्ध झालेला. त्यांचा प्रश्न आणखी टोकदार. ज्या कारखान्याचा कारभार निवडणूक लढवणाऱ्या पुढाऱ्याच्या हाती असतो, तिथे निवडणुकीच्या वर्षी दराचे काय होते?

यात खरी युक्ती आहे ती तुलनेची. नुसते ‘निवडणुकीच्या वर्षी दर पडला’ म्हटले तर कोणीही उत्तर देईल, की त्या वर्षी पाऊस नव्हता, साखरेचा भाव पडला होता. आपण नव्या खताची चाचणी कशी घेतो? अर्ध्या वाफ्यांना खत घालतो, अर्ध्यांना नाही. पाऊस दोन्हींवर तोच, ऊन तेच. मग जो फरक दिसेल तो खताचा. सुखटणकरांनी तेच केले. पुढाऱ्याच्या हातचे कारखाने एकीकडे, बाकीचे दुसरीकडे; निवडणुकीची वर्षे एकीकडे, एरवीची दुसरीकडे. पाऊस आणि बाजार दोघांनाही सारखाच. तरी पुढाऱ्यांच्या कारखान्यांचा दर निवडणुकीच्या वर्षी खाली गेलेला दिसला. प्रचाराचा पैसा उसातून उभा राहतो, असा त्यांचा निष्कर्ष. गंमत पुढेच आहे: पुढारी निवडून आला तर नंतर शेतकऱ्याला काही प्रमाणात भरपाई होत असावी, म्हणून लोक खपवून घेतात, असेही ते सुचवतात. म्हणजे आपण न विचारता उसनवारी देतो म्हणायची! पडला तर मग कोणाकडे मागायचे?

हा लेख कारखान्याच्याच पत्रिकेत छापाल का, असे मी संपादकांना विचारले. ते म्हणाले, “गुरुजी, लिहा तर खरं, मग बघू.” तर लिहितो, आणि सुरुवात माझ्यापासूनच करतो. माझी अडीच एकर. बरीच वर्षे मी सर्वसाधारण सभेत मागच्या खुर्चीवर बसून हात वर करीत आलो. एका सभेत बिनपरतीच्या ठेवीचा ठराव आला. वाचणाऱ्याने भराभर वाचला, ‘मंजूर, मंजूर’ झाले, मीही हात वर केला आणि जेवायला गेलो. बिल हाती आल्यावर घरी विचारणा झाली, “हे टनामागं काय कापलंय?” मला सांगता आले नाही. शाळेत तीस वर्षे गणित शिकवलेला माणूस! लबाडी कोणाची म्हणू? ठराव माझ्यासमोर वाचला होता.

आता काळ बदलला. 2009-10 च्या हंगामापासून एफआरपी आली. त्याच्या खाली दर देता येत नाही, आणि ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे. मग झोळी संपली का? मला तसे वाटत नाही. जमिनीला फरशी बसली, पण पाणी मुरायच्या जागा राहिल्याच. त्यांतल्या दोन सांगतो.

पहिली जागा उतारा. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये. पुढे दर दशांश टक्क्याला 3 रुपये 46 पैसे वाढ. म्हणजे उताऱ्यात एका दशांशाचा फरक पडला की टनाला 34 रुपये 60 पैसे. माझ्या ऐंशी टनांवर 2,768 रुपये. उतारा कशाने घसरतो हे आपल्याला ठाऊक आहे: कोवळा ऊस, जळका ऊस, तोडून दोन दिवस पडलेला ऊस. पण कोणाचा ऊस कधी तुटतो आणि कोणाचा बांधावर वाळतो, तेही आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी जागा तोडणी-वाहतूक. एफआरपी कारखान्याच्या गेटवरची असते; तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरते ते आपल्या हाती. हा खर्च सगळ्यांवर सरासरीने पडतो. लांबून, दुसऱ्याच्या कार्यक्षेत्रातून ऊस आणला तर त्याचे भाडे जवळच्या सभासदाच्या बिलात येते. लांबचा ऊस आणू नये असे नाही, कारखाना पूर्ण क्षमतेने चालला तर प्रक्रियाखर्च कमी होतो. पण त्याचा हिशेब मांडलेला असावा.

आता गृहपाठ. शंभर पानी वही घ्या आणि वार्षिक अहवाल समोर ठेवा. एका पानावर आडव्या ओळीत वर्ष, गाळप, उतारा, तोडणी-वाहतूक खर्च टनाला किती, कपाती टनाला किती, आणि हाती पडलेला दर. शेजारच्या कारखान्याचा हाच तक्ता समोरच्या पानावर. आपले पाहुणे तिकडचे सभासद असतातच, अहवाल मिळायला अडचण नाही. विधानसभा, लोकसभा आणि कारखान्याची निवडणूक झाली त्या वर्षांवर लाल पेन्सिलीची खूण करा. एक-दोन वर्षांच्या फरकावरून बोलू नका. एखाद्या दुष्काळानेही फरक पडतो. दहा-पंधरा वर्षे मांडली की मगच काही दिसते. आणि फरक दिसला तर पहिल्यांदा उतारा जुळतो का ते बघा. उतारा निराळा असेल तर ती तुलनाच नव्हे.

मी हा तक्ता करायला घेतला आहे. माझ्याजवळ अहवाल आहेत, पण मधले चार-पाच सापडत नाहीत; एक तर घरात पुड्या बांधण्यात गेला. ज्या सभासदांकडे जुने अहवाल असतील त्यांनी ते वार्षिक सभेआधी गट ऑफिसात आणून द्यावेत. उतरवून घेऊन परत देईन, पोहोचही देईन.