घटक ५ : गीताचे ध्वनिमुद्रण आणि कराराची भाषा

५.१ प्रास्ताविक

कवीने गीत लिहिले की त्यावर त्याचा हक्क निर्माण होतो. ते ध्वनिमुद्रित झाले की गायकाचा आणि ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याचा असे आणखी दोन हक्क त्याला येऊन मिळतात. मराठीचा पदवीधर गावात असला की अशा कामाचा कागद वाचण्यासाठी त्याच्याकडेच आणला जातो. म्हणून हा विषय व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात घेतला आहे.

एक उदाहरण सोबत घेऊन पुढे जाऊ. समजा, वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) येथील एका खंजिरी भजन मंडळाला सहा भजने ध्वनिमुद्रित करावयाची आहेत. त्यांपैकी चार राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची आहेत. दोन मंडळातीलच एका सदस्याने वऱ्हाडीत रचली आहेत. मंडळ वर्गणी काढून वर्धा किंवा नागपूर येथील स्टुडिओत जाणार आहे.

५.२ ध्वनिमुद्रणाची पूर्वतयारी

स्टुडिओचे भाडे बहुधा तासावर असते. तेथे जाऊन चाल बसवणे म्हणजे वर्गणी वाया घालवणे होय. शब्द, कडव्यांचा क्रम आणि शेवट कसा करावयाचा हे घरीच निश्चित करावे. आपण कोणत्या पट्टीत गातो, काळी एक की पांढरी चार, हे तंत्रज्ञाला आधी कळवावे. मंडळाची जुनी पेटी प्रमाण स्वरापेक्षा थोडी चढी किंवा उतरती असू शकते. ती स्टुडिओतील कीबोर्डबरोबर वाजवली तर दोन्ही बेसूर वाटतात. एक तर आपली पेटी घ्यावी आणि कीबोर्ड तिला जुळवावा, किंवा पेटी वगळावी.

लयीचा प्रश्न याहून अवघड आहे. स्टुडिओत कानाला हेडफोन लावून, एकसारख्या ठोक्यावर, प्रत्येकाने वेगवेगळे गाण्याची पद्धत रूढ आहे. चित्रपटगीताला ती मानवते. खंजिरी भजनाची लय मात्र हळूहळू चढत जाते आणि गाणारा व झेलकरी एकमेकांच्या तोंडाकडे पाहून उचल घेतात. ठोक्याला बांधले तर भजन निर्जीव होते. म्हणून सर्वांनी एकत्र बसून, पण मुख्य गायक, खंजिरी आणि झेलकरी यांना स्वतंत्र माइक देऊन मुद्रण करावे, असे आमचे मत आहे. खंजिरीच्या चकत्यांचा आवाज तीक्ष्ण असतो. तिचा माइक सुमारे हातभर दूर ठेवावा. आवाजाची पातळी शून्य डेसिबलच्या बरीच खाली, साधारण उणे सहाच्या आत राहील असे पाहावे. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही.

घरी मुद्रण करणाऱ्यांनी भिंतींवर गोधड्या टांगाव्यात, पंखा बंद करावा आणि शेतातील मोटारी थांबल्यावर बसावे.

उच्चारांबाबत एक सूचना. वऱ्हाडीत ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ असा उच्चारला जातो. माइकसमोर आल्यावर गायक अकारण प्रमाणभाषेकडे वळतो आणि एका कडव्यात ‘डोया’ तर दुसऱ्यात ‘डोळा’ ऐकू येतो. रचना वऱ्हाडीत असेल तर उच्चारही वऱ्हाडीच ठेवावा.

निघताना केवळ तयार गाणे न घेता प्रत्येक माइकचे स्वतंत्र मुद्रणही मागून घ्यावे व दोन ठिकाणी जतन करावे.

५.३ हक्क कोणाचे?

भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो. तुकडोजी महाराजांचे महानिर्वाण १९६८ मध्ये झाले. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या भजनांवरील हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत राहतो. गावात, तिकीट न लावता, हौसेने भजन म्हणण्यास कायदा आड येत नाही. परंतु ध्वनिमुद्रण करून प्रसिद्ध करणे ही वेगळी कृती आहे. हक्क सध्या कोणाकडे आहेत, याची चौकशी गुरुकुंज मोझरीपासून सुरू करावी आणि अनुमती लेखी घ्यावी. ‘संतांच्या वाणीला कसले हक्क?’ हा प्रश्न भावनेच्या दृष्टीने समजण्याजोगा आहे, पण कायद्याचे ते उत्तर नव्हे.

ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्यात पुढाकार घेणारा आणि त्याची जबाबदारी उचलणारा. पैसे मंडळाने दिले असतील तर, विरुद्ध करार नसल्यास, निर्माता मंडळ ठरते. यंत्रे स्टुडिओची असली तरी. मात्र ‘मंडळ’ म्हणजे नेमके कोण, हे नोंदवहीत सर्वांच्या सह्यांनिशी आधीच लिहून ठेवावे. पैसा आल्यानंतर हे लिहिणे कठीण जाते.

५.४ कराराचे वाक्य

पुढील नमुना वाक्य पाहा : ‘गीतकार प्रस्तुत गीताचे सर्व हक्क कायमस्वरूपी कंपनीस देत आहे.’

वाक्य सुबोध आहे, आणि धोका तेथेच आहे. ‘सर्व’ या विशेषणाने कोणते हक्क, हा प्रश्नच पुसला जातो. ‘कायमस्वरूपी’ने मुदत संपते. मोबदल्याचा उल्लेख नाही. ‘हक्क देणे’ म्हणजे मालकी सोडणे. ‘वापराची परवानगी देणे’ म्हणजे मालकी आपल्याकडे ठेवणे. या दोन क्रियापदांतील अंतर म्हणजे गीतकाराची आयुष्यभराची मिळकत असू शकते.

हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीयुक्त असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे आणि क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक संरक्षण दिले : गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील समान वाटा कंपनीच्या नावे लिहून देता येत नाही. तो वसूल करण्यासाठी गीतकारांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सदस्यत्व घ्यावे.

सुधारित वाक्य असे होईल : ‘गीतकार प्रस्तुत गीत ऑनलाइन प्रसारणासाठी, भारतात, स्वाक्षरीच्या दिनांकापासून तीन वर्षे वापरण्याची परवानगी कंपनीस देत आहे, गीताची मालकी गीतकाराकडेच राहील.’ त्याखाली रकमेचे कलम स्वतंत्र लिहावे.

बहुतेक ग्रामीण गायकांचे पोट कार्यक्रमांवर चालते. उत्तम मुद्रण जवळ असले की निमंत्रण देणाऱ्याला नमुना ऐकवता येतो. आकाशवाणीच्या स्वरचाचणीपूर्वी स्वतःचे दोष ऐकण्यासही ते उपयोगी पडते.

स्वाध्याय

१. ‘हक्क देणे’ आणि ‘परवानगी देणे’ यांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. वर उल्लेखिलेल्या मंडळासाठी सदस्यांमधील वाटणीचा दहा ओळींचा लेखी ठराव तयार करा.
३. तुमच्या परिसरातील एक लोकगीत ध्वनिमुद्रित करा. त्यातील बोलीचे उच्चार जसे ऐकू येतात तसे लिहून काढा.