वर्ष गेलं म्हणजे सगळं गेलं का?



आजचे श्लोक : गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४४.

निकालाचे दिवस आहेत. त्यामुळे या आठवड्यात मला आलेले बहुतेक मेसेज एकाच विषयावरचे आहेत. कुणाला दोन विषयांत एटीकेटी, कुणाचं अख्खं वर्ष गेलंय. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने लिहिलं, "दादा, मी रोज वाचन करायचो, तरी वर्ष गेलं. आता घरचे म्हणतात, ना धड अभ्यास केलास, ना धड भक्ती. काय उत्तर देऊ?"

अशा वेळी आपल्याकडे लगेच दुसऱ्या अध्यायातला ४७वा श्लोक पुढे केला जातो. कर्म कर, फळावर डोळा ठेवू नकोस. श्लोक सोन्यासारखा आहे, पण नुकती गुणपत्रिका हातात पडलेल्याला तो ऐकवणं मला पटत नाही. (आणि ऐकवणारे काका पुढच्याच वाक्यात पॅकेज विचारतात!)

त्यापेक्षा सहावा अध्याय उघडा. तिथे अर्जुनाने जवळजवळ हाच प्रश्न विचारलाय. तो म्हणतो, कृष्णा, एखाद्याची श्रद्धा आहे, पण प्रयत्न कमी पडला, मन भरकटलं आणि योग पुरा झाला नाही, तर त्याचं काय होतं? संसारही सुटला आणि हेही साधलं नाही, असा तो दोन्हीकडून गेला का? मोठ्या ढगापासून तुटलेल्या तुकड्यासारखा विरून जातो का?

इथे ३७व्या श्लोकात एक शब्द आहे, 'अयति'. म्हणजे ज्याचा प्रयत्न अपुरा पडला तो. मला हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. अर्जुन इथे 'मी जीव तोडून केलं आणि नशिबाने दगा दिला' अशा माणसाबद्दल विचारत नाहीये. तो अशा माणसाबद्दल विचारतोय, ज्याची इच्छा खरी होती, पण जो कमी पडला. आपल्यातले बहुतेक जण याच रांगेत उभे आहोत.

श्रीकृष्णाचं उत्तर ४०व्या श्लोकात येतं आणि त्यात तो अर्जुनाला 'तात' म्हणतो. आपण 'बाळा' म्हणतो ना, तसं. कल्याणाचं काम करणाऱ्याची दुर्गती होत नाही, इथेही नाही आणि पुढेही नाही, असं तो सांगतो. पुढच्या श्लोकात या माणसाला 'योगभ्रष्ट' म्हटलंय. आज 'भ्रष्ट' म्हटलं की आपल्याला टेबलाखालचे पैसे आठवतात. इथे अर्थ साधा आहे, वाटेवरून घसरलेला. हा घसरलेला चांगल्या घरात जन्म घेतो, आधीच्या जन्मातली समज त्याला परत मिळते आणि तिथून तो पुन्हा जास्त जोराने प्रयत्नाला लागतो. ४४व्या श्लोकात तर म्हटलंय की पूर्वीचा अभ्यास त्याला, त्याने ठरवलं नसलं तरी, पुढे ओढून नेतो.

'अभ्यास' हा शब्द बघा. गीतेत त्याचा अर्थ आहे पुन्हा पुन्हा करणं. मराठीत आपण तोच शब्द पुस्तक घेऊन बसण्याला लावला, आणि मग हळूहळू तो मार्कांना चिकटला. मार्क आले तर अभ्यास केला, नाही आले तर केलाच नाही, असा आपला हिशोब. गीतेचा हिशोब वेगळा आहे. पेपर सुटो न सुटो, जे समजलं ते तुमच्यात जमा झालं.

ज्ञानेश्वर माउलींनी या जागी फार सुंदर लिहिलंय. अशा साधकाकडे ज्ञान वयाची वाट न पाहता, बालपणीच चालत येतं, असा त्याचा आशय. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा माउली स्वतः पंधरा-सोळा वर्षांचे होते असं परंपरा मानते. म्हणून या ओव्या वाचताना अनेकांना वाटतं, ते नकळत स्वतःबद्दलच बोलतायत.

आता एक सावधगिरी. हे श्लोक योगसाधनेबद्दल आहेत, विद्यापीठाच्या परीक्षेबद्दल नाहीत. वाचन केलं म्हणून राहिलेला विषय सुटेल असं कृष्ण कुठेही म्हणत नाही. पुस्तक उघडलंच नसेल, तर जमा तरी काय होणार? त्याने सांगितलेला माणूस परत येऊन प्रयत्नच करतो, हे विसरू नका.

माझ्या कामात मला फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घ्यावे लागतात. फायनल इयर प्रोजेक्टबद्दल विचारलं की काही मुलं स्लाइड पाठ म्हणून दाखवतात. एखादा मात्र सांगतो, "सर, इथे दोन आठवडे अडकलो होतो, मग कळलं की डेटाबेसची रचनाच चुकली होती." तो प्रोजेक्ट कधीकधी पूर्ण झालेलाही नसतो. पण त्या मुलाशी बोलताना अर्ध्या तासाचा तास कधी होतो कळत नाही. कॉलेजमधलं यश म्हणजे काय असं मला विचाराल, तर ते मला या दोन आठवड्यांत दिसतं. गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नाही, आणि कंपन्यांच्या गाळणीत अशी काही मुलं आधीच गळतात, हेही खरं.

त्या मुलाला मी लिहिलंय की घरी उत्तर द्यायची घाई नको. आधी राहिलेल्या विषयांतलं काय येतं आणि काय येत नाही, ते कागदावर काढ. जे येतं, तिथून सुरुवात. वाचन चालू ठेव, पण अभ्यासाच्या वेळी अभ्यास. आणि फार जड वाटलं, रात्री झोप येईना, तर श्लोक बाजूला ठेवून आधी मला किंवा आईला फोन कर. काल रात्री त्याने कागदाचा फोटो पाठवला. 'येतं' या बाजूला अकरा ओळी आहेत.

उद्या ४५वा श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरी.