ओलीचा हिशेब

कार्तिकी एकादशी उलटली, खळ्यावरचा शेवटचा भारा झोडून झाला, पेंढ्याची उडवी घरामागे उभी राहिली आणि पहाटे खांबच्या शिवारावर उतरलेले धुके सूर्य कासराभर वर आला तरी हलेनासे झाले, म्हणजे आमच्या रोहे तालुक्यातील पुष्कळ कुटुंबप्रमुख वर्षाचे दफ्तर मिटल्याच्या समाधानाने शेकोटीशी हात शेकत बसतात; आणि ज्या चार महिन्यांत घरातील बायामाणसांना उसंत म्हणून मिळत नाही, त्याच चार महिन्यांना पुरुषमंडळी ‘रिकामे दिवस’ म्हणतात, हे मी बालपणापासून ऐकत आलो आहे. वस्तुतः ज्या प्रदेशात वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तेथे पुढील आठ महिन्यांचा सारा संसार त्या पावसाने मागे ठेवलेल्या ओलीवर चालावयाचा असतो, आणि ती ओल कोठे राखावी व कोठून हुसकावावी हा हिशेब थंडीतच करावा लागतो.

हुसकावण्याची ओल प्रथम घरात पाहावी. झोडलेले भात अंगणात पसरल्यावर वरचा थर उन्हाने तडतडतो आणि माणूस फसतो. एके वर्षी पाहुण्यांच्या घाईत दोन उन्हे कमी देऊन मी भात कणगीत भरले आणि पौषात सहज म्हणून कोपरापर्यंत हात आत घातला, तो बोटांना न्हाणीघरातल्या बंबासारखी ऊब लागली. मूठभर दाणे बाहेर काढले, तर त्यांना बुरशीचा कुबट वास येत होता. तो सगळा ढीग पुन्हा अंगणात ओतावा लागला आणि त्यातले बियाण्याचे भात तर कायमचे गेले. साठवणीच्या भातात शेकडा बारा ते चौदाहून अधिक ओलावा नसावा असे शास्त्र सांगते. ते मोजण्याचे यंत्र घरोघर नसते, परंतु दात प्रत्येकाच्या तोंडात आहेत. दाणा दाढेखाली धरावा. ‘कट्’ असा आवाज होऊन तुकडे पडले तर भरावे, आणि नुसता चेपला तर आणखी दोन उन्हे द्यावी. उन्हे दिलेले भात ऊन असतानाच भरू नये, सावलीत पूर्ण निवू द्यावे. कणगीला आतून शेणमातीचा हात दिला असेल, तर ते सारवण ठणठणीत वाळल्यावाचून आत दाणा टाकू नये. कणगी माचावर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावी, कारण भिंतही ओल देते. बियाण्याचे भात वेगळ्या पोत्यात, वाणाच्या नावाची चिठ्ठी आत घालून ठेवावे. जूनमध्ये ‘हे कर्जत-3 की रत्ना?’ असा कज्जा घरात उभा राहतो, तो एवढ्याने टळतो.

राखावयाची ओल शेतात असते आणि ती फार थोडे दिवस थांबते. भात कापल्याबरोबर खाचरातील माती मुठीत दाबून पाहावी. गोळा बांधला जाऊन बोटाच्या हलक्या टिचकीने फुटला, तर वालासाठी याहून चांगली वेळ पुन्हा येणार नाही. आमच्या भागातील कडवा वाल हे भातामागून केवळ शिल्लक ओलीवर आणि पहाटेच्या दंवावर येणारे पीक आहे असे जुनी माणसे सांगतात. त्यातील दंवाचा वाटा शास्त्राच्या तराजूत किती भरेल हे सोडून दिले, तरी ओलीचा वाटा निर्विवाद आहे, आणि म्हणून कापणी ते पेरणी या मध्यंतरात गेलेला प्रत्येक दिवस वालाच्या शेंगेतून वजा होतो. दिवाळीच्या सरबराईत आठवडा घालवून मग कडक झालेल्या जमिनीत नांगर घालणारा इसम बैलांवरही अन्याय करतो आणि बियाण्यावरही. ज्यांच्याकडे बैल उरलेले नाहीत, त्यांनी नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेले सगुणा तंत्र एकदा पाहून यावे. त्यात गादीवाफे मोडावे लागत नाहीत, भाताची मुळे जमिनीतच राहू देऊन त्याच वाफ्यावर वाल टोकता येतो, आणि नांगरटीने जी ओल उडून जाते ती जागच्या जागी राहते. प्रथमदर्शनी हे आळशाचे शेत वाटते. मलाही वाटले होते.

बी पेरण्यापूर्वी किलोमागे तीन ग्रॅम थायरम चोळावे, आणि त्यानंतर दहा किलो बियाण्यास 250 ग्रॅम रायझोबियमचे जिवाणू-संवर्धन गुळाच्या थंड पाण्यातून लावून सावलीत सुकवावे; हा क्रम उलटा करू नये, कारण बुरशीनाशकाचा हात नंतर फिरला तर जिवाणूंचा खर्च फुकट जातो. फुलोऱ्याच्या सुमारास आभाळ भरून आले की कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा चढतो. घाबरून दुकानातील सर्वांत जालीम औषध आणण्याऐवजी आरंभीच पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. वालाच्या हिरव्या शेंगा परसदारी खाण्यात येतात, त्यांवर विषारी औषधाचा मारा करणे म्हणजे आपल्याच ताटात ते वाढणे होय.

मागावयाची ओल कालव्यात असते. हिवाळ्यात कुंडलिकेला जे पाणी दिसते ते बव्हंशी आपल्या आभाळाचे नव्हे: घाटमाथ्यापलीकडे मुळशीच्या धरणात साठलेले मावळचे पावसाळी पाणी भिरा येथील, 1927 पासून चालत आलेल्या वीजगृहात उतरते, तेथे चाके फिरवून नदीला मिळते आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत शिरते. मुळशीकरांनी 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करून ज्या जमिनी वाचवू पाहिल्या, त्या बुडालेल्या जमिनींवरचे हे पाणी आहे, हे भाताच्या रोपांची दाढ भरताना एखादे वेळी मनात यावे. इतक्या दुरून आलेले पाणी चाऱ्या मोडलेल्या असल्यामुळे ओढ्याला वाहून जाते आणि शेवटच्या शेताचा मालक पाटकऱ्याच्या नावाने बोटे मोडतो, हे दरसालचे रडगाणे आहे. पाणी मागणीचा नमुना क्रमांक 7 चा अर्ज मुदतीत द्यावा, मागील पाणीपट्टीची पावती जपून ठेवावी, आणि आपल्या बांधालगतची चारी आवर्तन सुटण्यापूर्वी स्वतः खोदून मोकळी करावी. सरकारी कुदळीची वाट पाहणाऱ्याचे शेत बहुधा कोरडेच राहते. वालाची नोंद रब्बीच्या पीकपाहणीत झाली आहे की नाही, हेही सातबाऱ्यावर पाहून घ्यावे, कारण नुकसानभरपाईचा प्रसंग आला म्हणजे कागदावर नसलेले पीक शेतातही नव्हते असे धरले जाते.

उन्हाळी भाताचा पेर डिसेंबरच्या मध्यापर्यंत उरकावा. त्यापुढे गेल्यास कापणी वळवाच्या सरींत सापडते. बी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ओतावे, तरंगलेले पोल काढून कोंबड्यांना घालावे, तळाचे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवावे, आणि चोवीस तास भिजवून ओल्या गोणपाटात, वर पेंढा दडपून, चुलीजवळच्या उबदार कोपऱ्यात मोड येईतो ठेवावे. थंडीच्या दिवसांत हे मोड पावसाळ्यापेक्षा उशिरा फुटतात, म्हणून तिसऱ्या दिवशीच बी वांझ ठरवून उकिरड्यावर टाकू नये. दाढीतील रोपे पिवळी पडून खुरटली, तर एकदम खताची मूठ फेकण्यापूर्वी पाण्याची वेळ बदलावी: संध्याकाळी वाफ्यात पाणी भरावे व सकाळी ऊन आल्यावर काढून टाकावे. पाण्याची दुलई रात्री रोपांच्या मुळांना पुरते.

गुरांविषयी थोडक्यात. कोरडा पेंढा पोट भरतो, अंग भरत नाही. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, ढीग प्लॅस्टिकच्या कागदाखाली घट्ट झाकून तीन आठवडे ठेवावा, आणि वापरण्यापूर्वी रोजचा वाटा तासभर हवेवर पसरून मग थोडाथोडा सवयीने घालावा. सहा महिन्यांखालच्या वासरांना तो मुळीच देऊ नये, आणि युरियाचे पाणी गुरांच्या तोंडी लागू देऊ नये. ते प्राणघातक आहे.

हवेतील ओलीचे भय आंब्याला. मोहोर फुटत असता सकाळी धुके आणि दुपारी ढग असे चार दिवस गेले, की तुडतुडे व भुरी यांचे फावते. भुरीसाठी पाण्यात विरघळणारे ऐंशी टक्के गंधक दहा लिटरला वीस ग्रॅम या प्रमाणात फवारावे. तुडतुड्यांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे वेळापत्रक गावच्या कृषी सहायकाकडून मागून घ्यावे, पण मोहोर पूर्ण फुललेला असता कीटकनाशकाचा पंप खांद्यावर घेऊ नये, कारण फळधारणा घडविणाऱ्या माश्या आणि मधमाश्या त्याच वेळी झाडावर असतात.

माघात राबासाठी, म्हणजे दाढीची जमीन भाजण्यासाठी, कवळ तोडण्याचे काम निघेल. राबाचा वाद आजचा नाही. 1885 साली मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींच्या चौकशीसाठी कमिशन बसविले, तेव्हाही ऐन-किंजळीच्या फांद्या तोडून जाळण्याचा हक्क हा त्यातील एक मुख्य मुद्दा होता. माझे मत विचाराल, तर जो पातेरा आणि जे शेण आपण राबात धुराला अर्पण करतो, तेच खड्ड्यात कुजविले तर दाढ भरूनही चार गाड्या खत शिल्लक राहते; तथापि वडिलांच्या हातचा राब मोडावयास घरातील एकमत लागते, आणि ते मिळविणे खत कुजविण्याहून अवघड आहे, हे मी अनुभवाने जाणतो.

वालाच्या शेंगा भरल्या की मुंबई-ठाण्याची नातलग मंडळी पोपटीसाठी येऊ लागतील. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मधे अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला, आणि मग मडके उपडे करून भोवती पेंढा व काटक्यांचा जाळ. अर्ध्या-पाऊण तासात वालाचा आणि भांबुर्ड्याचा जो संमिश्र गंध शिवारात पसरतो, त्याचे वर्णन करण्याचा मोह आवरतो. विनंती एवढीच, की ही पोपटी पेंढ्याच्या उडवीपासून आणि वाऱ्याच्या तोंडी असलेल्या वाळल्या गवतापासून दूर, मोकळ्या खाचरात लावावी; आणि मडके काढून मंडळी घराकडे वळण्यापूर्वी एकाने मागे थांबून त्या विस्तवावर दोन घागरी पाणी ओतावे.