मंद इंटरनेट आणि घरचा राउटर : निदानाची एक रीत

संध्याकाळी सातनंतर डोंबिवली-कल्याणच्या घराघरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘नेट चालत नाही.’ त्यावर दोन उपाय सुचवले जातात. महागडी योजना घ्या, नाहीतर चार-सहा शिंगांचा गेमिंग राउटर आणा. दोन्हींना पैसे लागतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांच्या पगारातून दरमहा जादा पैसे मागण्यापूर्वी त्यांची गरज सिद्ध करणे मला भाग होते. मी कला शाखेचा विद्यार्थी. पण जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली मांडलेली व्यतिरेक पद्धती या कामी पुरेशी ठरते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व तशाच ठेवाव्यात, आणि परिणामात काय फरक पडतो ते पाहावे.

प्रथम दोन संज्ञांची फोड केली पाहिजे. वेग आणि विलंब या भिन्न गोष्टी आहेत. बारा डब्यांच्या लोकलऐवजी पंधरा डब्यांची सोडली तर प्रवासी जास्त जातील. पण डोंबिवलीहून ठाण्याला पोहोचायला वेळ तेवढाच लागेल. योजनेतील ‘१०० मेगाबिट’ म्हणजे डब्यांची संख्या. ‘पिंग’ म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ. चित्रपट उतरवायला डबे हवेत. खेळाला सहसा एक मेगाबिटही लागत नाही, त्याला वेळ सांभाळावी लागते. शिवाय आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरणार. यात फसवणूक नाही.

विलंबाला निसर्गाचीही मर्यादा आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे खेळाचा सर्व्हर सिंगापुरात असेल, तर जाण्या-येण्यातच ३९ मिलिसेकंद गेले. कितीही महाग राउटर आणला तरी ते वाचणार नाहीत.

आता प्रत्यक्ष तपासणी. पहिली पायरी तारेची. बाकी सर्व उपकरणे बंद करून संगणक केबलने थेट राउटरला जोडावा आणि सकाळी व रात्री वेग मोजावा. तारेवर पूर्ण वेग मिळतो आणि वायफायवर मिळत नाही, तर दोष घरातला. दोनशेची योजना असून तारेवर आकडा नेमका नव्वद-पंचाण्णववर अडत असेल, तर केबल पाहावी : शंभर मेगाबिटला आठपैकी चारच तारा पुरतात, त्यापुढच्या गिगाबिट जोडणीला आठही शाबूत लागतात. राउटरचे किंवा संगणकाचे पोर्ट जुने असले तरी हेच घडते.

दुसरी पायरी वायफायची. संगणकावरून आधी राउटरलाच पिंग करावे. तिथेच आकडा उड्या मारू लागला, तर बाहेरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच : १, ६ आणि ११. आमच्यासारख्या दाटीच्या इमारतीत सगळ्या शेजाऱ्यांचे राउटर या तिघांवरच गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींपुढे लवकर थकतात, पण तिथे मार्ग पुष्कळ. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या पट्ट्याचा आणखी भाग परवान्याविना खुला झाला. एका खोलीत खेळणाऱ्याला हाच पट्टा सोयीचा.

तिसरी पायरी रांगेची. घरात कुणाच्या मोबाइलवरून फोटो वर चढू लागले की राउटरमध्ये रांग लागते आणि खेळाचे इवलेसे पुडके मागे अडकते. ठाणे-दिवा दरम्यान पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू होईपर्यंत मेलगाड्या पुढे काढण्यासाठी जलद लोकल खोळंबत, तसेच हे. यावर कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली रांग आटोक्यात ठेवण्याची एक पद्धत मांडली. चांगल्या राउटरमध्ये अशी सोय असते. तिथे वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या थोडी खाली, नव्वद टक्क्यांच्या आसपास, ठेवावी. म्हणजे रांग आपल्या ताब्यात राहते.

चौथी पायरी घराबाहेरची. फायबरच्या डब्यावर तांबडा दिवा लागला असेल तर तार तुटली किंवा मुडपली असे समजावे. एका काचतंतूचे सुमारे अडीच गिगाबिट बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. तारेवरही सकाळी वेग पूर्ण आणि रात्री निम्मा असेल, तर गर्दी पुरवठादाराकडे आहे. अशा वेळी तारीख, वेळ व तारेवरील आकडे लिहिलेली वही पुढे ठेवावी. नुसत्या ‘स्लो आहे’ला उत्तर मिळत नाही.

आमच्या घरी तारेवर वेग पूर्ण मिळाला. राउटरकडचे पिंग मात्र अस्थिर होते. राउटर लोखंडी कपाटामागे होता, तो वर मोकळ्यावर ठेवला, संगणक ५ गिगाहर्ट्झवर घेतला आणि बहिणीच्या मोबाइलवरील फोटो साठवण्याची वेळ मध्यरात्रीनंतरची केली. धाकट्या भावाचा खेळ सुरळीत झाला, बहिणीचा ऑनलाइन क्लासही अडेनासा झाला. खर्च शून्य.

ज्यांच्याकडे पैसा आहे ते अंदाजाने वस्तू बदलून पाहू शकतात. आपल्यासारख्यांच्या घरी अंदाज परवडत नाही. तिथे निदान आधी आणि औषध मागाहून, हाच क्रम योग्य.